वेध घेणं म्हणजे नेमकं काय घेणं?

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगाच्या विज्ञानाचं, वर्ष म्हणून जाहीर केलं आणि इंदुरात व्याख्यानांचा हंगाम आला. रामबागेकडच्या अशाच एका कार्यक्रमात वक्ते रंगात येऊन म्हणाले, की आपण पाहत नाही तेव्हा चंद्र तिथे नसतो, हे आता विज्ञानानंच सिद्ध केलंय. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकू कुजबुजल्या, "मग संकष्टीला ढग आले की काय करायचं रे?"

प्रश्न गमतीचा, पण नेमका. ढगाळ रात्री आपण पंचांगातली चंद्रोदयाची वेळ बघतो, नैवेद्य दाखवतो आणि उपास सोडतो. चंद्र दिसत नसला तरी उगवलाय, हे आपण धरून चालतो. ती वेळ खरी कशावरून, तर कुणीतरी कधीतरी आकाशाकडे बघून गणित पडताळलेलं असतं म्हणून. वक्त्यांचं वाक्य मुळात आइनस्टाइन यांच्या एका प्रश्नातून आलेलं. १९५० च्या सुमारास फिरायला गेले असताना त्यांनी सोबतच्या अब्राहम पाइस यांना विचारलं होतं, की मी बघतो तेव्हाच चंद्र असतो असं तुम्हाला खरंच वाटतं का? ही कल्पना त्यांना पटत नव्हती म्हणून त्यांनी विचारलं. आपल्याकडे त्या शंकेचा सिद्धांत झाला.

'निरीक्षण' या शब्दात एक शांतपणा आहे, लांब उभं राहून पाहिल्यासारखा. आपला जुना शब्द मात्र 'वेध', आणि तो शांत नाही. वेध म्हणजे भेदणं, टोचणं. कर्णवेधातला वेध आणि वेधशाळेतला वेध एकच. हा शब्द करणाऱ्यांना क्वांटमचा सुगावा होता असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब असतो. पण पाहणं ही एक कृती आहे आणि तिला टोक असतं, एवढं तो शब्द सांगून जातो.

वेधांची आपली परंपरा सलग नाही, तुटक आहे. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी १४९६ सालच्या 'ग्रहकौतुक' या ग्रंथाच्या निमित्तानं स्वतः ग्रहांचे वेध घेतले आणि कोणत्या सिद्धांताचं गणित आकाशाशी किती जुळतं ते नोंदवलं. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ. १५२० सालच्या त्यांच्या 'ग्रहलाघवा'वर पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगं निघाली. झालं असं, की मुलाचं गणित सगळ्यांनी उचललं आणि वडिलांची आकाशाकडे बघायची सवय मागे पडली. गणित आणि आकाश जुळणं याला 'दृक्प्रत्यय' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी पंचांगाला दृक्प्रत्यय हवाच असा आग्रह धरला तेव्हा केवढं वादंग माजलं, ते शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात लिहून ठेवलंय.

इंदूरहून पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनची वेधशाळा आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधली, नंतर ती ओस पडली, आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली. गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे थोरलं सूर्यघड्याळ. मधली तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर, दोन्ही अंगांना खुणा कोरलेल्या वक्र पाळ्या. भिंतीची सावली पाळीवर पडेल तिथे स्थानिक वेळ वाचायची. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ उज्जैनच्या सरासरी वेळेपेक्षा सुमारे २७ मिनिटं पुढे, शिवाय ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटं इकडेतिकडे.

पण एवढं कोष्टकानं सावरता येतं. घोळ आहे तो सावलीच्या कडेत. दगडावर वाकून पाहिलं की कड सापडतच नाही, काळोखी विरत विरत उन्हात मिसळून जाते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, आणि अर्धा अंश म्हणजे वेळेची दोन मिनिटं. या दोन मिनिटांच्या करड्या पट्ट्यात 'इथे' म्हणून बोट कुठे ठेवायचं? आम्ही तिघं होतो, बोटं तीन ठिकाणी पडली.

अशा फरकापायी इंग्लंडातल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत एकाची नोकरी गेली. १७९६ साली तिथले राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या मदतनिसाला काढून टाकलं. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकताना घड्याळाचे ठोके कानानं मोजायचे आणि डोळ्यानं जागा धरायची, अशी तेव्हाची रीत. किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनपेक्षा ०.८ सेकंदानं मागे पडत. त्यानं स्वतःचीच काहीतरी गोंधळाची पद्धत धरली असावी, असा निकाल लागला. पंचवीसेक वर्षांनी जर्मन खगोलज्ञ बेसेल यांनी नावाजलेल्या निरीक्षकांची आपसात तुलना केली, तर तिथेही एका सेकंदाहून जास्त फरक निघाला. म्हणजे मॅस्केलिनच बरोबर होते कशावरून? प्रत्येक माणसाची स्वतःची एक ठरावीक चूक असते आणि ती हिशेबात वजा करावी लागते, ही कल्पना तिथून रुजली. किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही.

वजा न करता येणारी चूकही असते. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीचे ब्लाँडलो यांनी 'एन किरण' शोधल्याचं जाहीर केलं, आणि अनेकांना ते दिसूही लागले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे रॉबर्ट वुड पाहायला गेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी उपकरणातला किरण वळवणारा लोलक गुपचूप काढून घेतला, तरी निरीक्षकांना किरण जागच्या जागी दिसतच राहिले. प्रयोगातून स्वतःला वगळण्याचे जे उपाय आज शास्त्रज्ञ करतात, त्यांची गरज या एका संध्याकाळीच पटावी.

इथवरच्या साऱ्या गोष्टींत एक समजूत कायम होती. चुकतो तो पाहणारा, पाहिली जाणारी वस्तू आपल्या जागी सुखरूप असते. तारा काही किनेब्रुकमुळे हलत नव्हता.

१९२५ च्या जूनमध्ये परागज्वरानं हैराण झालेले जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग हेल्गोलँड बेटावर गेले आणि तिथे त्यांनी एक धाडस केलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनची कक्षा कुणी पाहिलेली नाही, मग ती गणितात कशाला? जे मोजता येतं, म्हणजे वर्णपटातल्या रेषांची वारंवारता आणि तीव्रता, तेवढंच घ्यायचं. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये आइनस्टाइन यांनीच त्यांना टोकलं, की काय पाहता येतं हे तर सिद्धांत ठरवतो. कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके कळू शकत नाहीत, हे सांगणाऱ्या १९२७ च्या अनिश्चिततेच्या निबंधात हायझेनबर्ग यांनी एक काल्पनिक सूक्ष्मदर्शक मांडला. इलेक्ट्रॉन बारकाईनं पाहायचा तर फार कमी तरंगलांबीचे गॅमा किरण हवेत, आणि त्यांच्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन उडतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी दाखवून दिलं, की नुसत्या धक्क्यावर भागत नाही. धक्का नेमका मोजता आला असता तर तो वजा करता आला असता. उडालेला किरण भिंगाच्या रुंदीतून कुठल्या दिशेनं आला ते सांगता येत नाही, खरी गोम तिथे आहे. हायझेनबर्ग यांना ताजा कलम जोडावा लागला. गंमत म्हणजे १९२३ मध्ये डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत ते सूक्ष्मदर्शकाच्याच प्रश्नावर अडकले होते.

धक्क्याची गोष्ट खोटी नाही. ती बघायची तर आपल्या गावातल्या कॅटमध्ये बघता येते. संस्थेचं नाव केव्हाच राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र झालं, इंदूरकरांच्या तोंडी मात्र कॅटच. तिथल्या इंडस-२ यंत्राच्या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना क्ष-किरण फेकतात. प्रथिनाचा स्फटिक या किरणांत धरून त्याची रचना काढतात. स्फटिक वाळूच्या कणाएवढा. तो उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा लागतो, कारण ज्या किरणांनी बघायचं तेच किरण त्याची मोडतोड करत असतात. थंडीमुळे मोडतोड मंदावते एवढंच. हा शब्दशः वेध.

क्वांटमचा पेच यापुढचा, आणि व्याख्यानांत हे दोन्ही सर्रास एक केले जातात. मोडतोडीत वस्तूचं आधी काहीतरी ठरलेलं असतं आणि मग ते बिघडतं. क्वांटममध्ये मोजायच्या आधी ते ठरलेलं होतं का, हाच प्रश्न. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये तो धारदार केला. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी त्याला मोजता येईल असं रूप दिलं: उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि दूरच्या मोजणीचा इथे ताबडतोब परिणाम होत नसेल, तर जोडीच्या कणांच्या निकालांमधला मेळ एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. १९७२ मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांच्या, १९८२ मध्ये आस्पे यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना मिळालं ते या कामासाठी.

मग यात मन कुठून घुसलं? १९३२ च्या ग्रंथात गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी दाखवलं, की पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यातली रेघ गणिताला धक्का न लावता कुठेही ओढता येते: उपकरणापाशी, डोळ्यापाशी, मेंदूत. १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी ती रेघ थेट जाणिवेपर्यंत नेली. आमच्या वक्त्यांची गाडी याच स्टेशनावर थांबली होती. विग्नर मात्र तिथे थांबले नाहीत. १९७० मध्ये हान्स डीटर त्से यांनी मांडलं, की कुठलीही मोठी वस्तू एकटी नसते. हवेचे रेणू आणि प्रकाशाचे कण सतत तिच्यावर आदळून तिची खबर बाहेर नेत असतात. विग्नर यांनी पुढे आपलं मत बदललं, त्यात या कामाचा वाटा होता. अनेक शक्य उत्तरांतून एकच का हाती लागतं, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. संकष्टीच्या चंद्राला काकूंच्या नजरेची गरज नाही, हे नक्की. सूर्यप्रकाश अखंड त्याचा वेध घेत असतो, ढग असोत की नसोत.

या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा तुकडा आपल्याकडच्यांचा आहे. बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ मध्ये लिहिलं, की अस्थिर क्वांटम प्रणालीकडे वारंवार पाहत राहिलं तर तिचा बदल अडतो, सतत पाहिलं तर थांबतोच. १९९० मध्ये अमेरिकेत वाइनलँड यांच्या गटानं ते करून पाहिलं. सापळ्यात सुमारे ५,००० बेरिलियम आयन, आणि त्यांना एका अवस्थेतून दुसरीत नेणारी रेडिओलहर २५६ मिलिसेकंद चालू. मध्ये काहीच केलं नाही तर जवळजवळ सगळे दुसऱ्या अवस्थेत जात. त्याच वेळात लेसरचे ६४ झोत टाकून 'पाहिलं', की हिशेबानं ४ टक्क्यांहूनही कमी जायला हवेत, आणि प्रयोगातही बदल असाच अडलेला दिसला. त्या मधल्या झोतांच्या वेळी डोळा लावून कुणीही बसलेलं नव्हतं.

काकूंना हे सांगताना मी दुधाचं उदाहरण दिलं, लक्ष असेपर्यंत उतू जात नाही तसं. त्यांना ते पटलं नाही. "अरे, मी बघते म्हणून नाही राहत ते, मी गॅस बारीक करते म्हणून राहतं. तुझ्या त्या आयनांचा गॅस कुणी बारीक केला?"

"कुणीच नाही, काकू. तो सगळा वेळ चालूच होता."