हिरव्या काळातली कृतज्ञता: कोकण किनाऱ्यावरील उपासना-वर्षाची पार्श्वभूमी

चर्चचे वर्ष युरोपातल्या ऋतूंच्या सोबतीने वाढले. तिथे नाताळ ऐन थंडीत येतो, वर्षातला सर्वांत लहान दिवस नुकताच सरलेला असतो. ईस्टरला, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला, झाडांना पालवी फुटत असते. त्यामुळे आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) म्हणजे अंधारात वाट पाहणे आणि पुनरुत्थान म्हणजे वसंत, ही सांगड तिथल्या चिंतनांत सहज बसते. कोकणात ती तशी बसत नाही. आगमनकाळाचे चार रविवार येतात तेव्हा भात झोडून घरात आलेले असते, आणि ईस्टर येतो तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान, म्हणजे ऊन तापू लागून विहिरी खाली जात असताना. पेरणी, लावणी, समुद्राची बंदी, होड्यांचे पुन्हा पाण्यात जाणे आणि कापणीची सुरुवात हे सगळे घडते ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणानंतरच्या लांबलचक ‘सामान्य काळात’, म्हणजे नाताळ-ईस्टरच्या कालखंडांबाहेरच्या दिवसांत. इथल्या कॅथलिकांच्या भक्तीत आशेच्या आधी कृतज्ञता येते असे मला वाटते, आणि त्याचे मूळ मी या पंचांगात शोधतो.

हे पंचांग आले समुद्रमार्गे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. फ्रान्सिस्कन, जेजुइट, डोमिनिकन असे धर्मगुरूंचे संघ आले आणि किल्ल्यात व भोवतालच्या गावांत चर्च उभी राहिली. या इतिहासात देवळे पाडली गेली, सक्ती झाली, पुढे गोव्यात इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालयही बसले. श्रद्धेची पार्श्वभूमी सांगताना हे झाकून ठेवू नये. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

भाषेचे काम दक्षिणेकडे, गोव्यात झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत लिहिले. हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातच रायतूरला छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. बायबलमधली कथा परक्या भाषेतला उपदेश म्हणून न येता कानाला ओळखीच्या लयीत आली, हे मला फार मोलाचे वाटते. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनेच स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला आणि ती वाट अरुंद झाली.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले आणि किल्ल्यातली चर्च ओस पडली. तिथल्या काही घंटा मराठी सैन्याने नेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या दिसतात. मात्र मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना धर्म पाळण्याची मुभा मिळाली, आणि देशी पाद्रींनी गावोगावची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू ठेवली. राजसत्तेचा आधार गेल्यावरही उपवासकाळ, सण, नवस हे सगळे चालू राहिले. कोकणातल्या श्रद्धेची खरी कसोटी मला १५३४ पेक्षा या काळात दिसते, कारण आता मागे कोणाचे आरमार नव्हते.

आशेचा असाच एक प्रसंग १८९६ च्या प्लेगचा. रोगापासून रक्षण व्हावे म्हणून मुंबईच्या गावठाणांत लोकांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. त्यातले बरेच आजही जागेवर आहेत.

मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होती. वेदीवर पाद्री प्रार्थना म्हणत आणि बाकावरच्या बायका जपमाळ ओढत. रोममध्ये भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेला दार उघडले, आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले: एक वर्ष मत्तयाचे शुभवर्तमान, एक वर्ष मार्कचे, एक वर्ष लूकचे. या बदलाचा परिणाम मोठा होता. दर रविवारी नवा उतारा मराठीत वाचला जाऊ लागला, त्यावर मराठीतच बोलणे आले, आणि त्यातून काळानुसार चिंतने लिहिण्याची सवय रुजली. ‘सुवार्ता’ मासिकाने वसईत ती जोपासली. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पण कागदावरच्या चिंतनाआधी हातांनी केलेले चिंतन असते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी नारळाची कोवळी झावळी आशीर्वादित होऊन घरी येते. हीर काढून पातीचा लहानसा क्रूस विणतात आणि तो देवाच्या तसबिरीमागे खोचतात. वर्षभरात ती पाती पिवळी पडून कडक होते. पुढच्या राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याआधी, ती चर्चमध्ये परत जाते, जाळली जाते, आणि तीच राख कपाळावर येते.

सामान्य काळाचा रंग हिरवा. रोमच्या नियमाने फादर जूनपासून हिरवे वस्त्र घालतात, आणि चर्चच्या खिडकीबाहेर खाचरेही हिरवीच असतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मग उत्तन-वसईकडचे ख्रिस्ती कोळी होड्यांवर आशीर्वादाचे पाणी शिंपडून घेतात. मंगळूरकडे ८ सप्टेंबरला, येशूची आई मारिया हिच्या जन्मदिनी, नव्या भाताचा सण होतो. मुंबईच्या गावठाणांत तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ म्हणून येतो. भाताची पहिली कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, आशीर्वादानंतर ती घरोघर वाटतात. म्हणजे आगमनकाळ यायच्या आत आभार मानून झालेले असतात. वाट पाहणारा इथे रिकाम्या हातांनी बसत नाही. त्याच्याकडे यंदाचे मिळालेले असते आणि पुढचे मागायचे असते.

आज बहुतेक गावठाणांभोवती शेत उरलेले नाही. वसईतही खाचरांवर इमारती चढत आहेत. तरी आगेरा चुकत नाही. जिथे पिकत नाही तिथे कणसे बाहेरून आणतात. त्या दिवशीच्या प्रार्थनेत अजून भात लावणाऱ्या पालघरच्या हातांचाही उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.