गळणाऱ्या आरटीएमध्ये जादा कापूस कोंबू नका

आरटीए, म्हणजे स्वतः कॉइल (तापणारी तार) बसवायचा व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, टँक, गळू लागला की ‘कापूस वाढव’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. लिक्विडला मुख्यतः धरून ठेवतो तो त्याच्या वरच्या हवेचा कमी झालेला दाब. कॉइलला लिक्विड पोचवणाऱ्या कापसाने फक्त खालच्या, लिक्विड आत येण्याच्या वाटा हलकेच बुजवायच्या. ठासून भरलात तर कॉइल कोरडी पडते, कापूस करपतो, आणि चिरलेल्या ओ-रिंगमधली (सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीतली) गळती तशीच राहते.

३ मिमीच्या कॉइलमधून कापूस किंचित अडत सरकावा. टोकं विंचरून विरळ करा. ती वाटेच्या तळाला टेकली पाहिजेत, दाबली जाता कामा नयेत. बाजूला फट दिसली तर लिक्विडचा पूर येणारच. वरून भरताना लिक्विड कंट्रोल, म्हणजे त्या वाटा उघडझाप करणारी सोय, बंद ठेवा, तो नसेल तर हवेची भोकं. झाकण घट्ट लावूनच उघडा.

आधी गळतीच आहे ना, ते बघा. टँक कोरडा पुसून रात्रभर टिश्यूवर उभा ठेवा. टिश्यू कोरडा आणि वापरल्यावरच भोकांपाशी ओल, तर ती बहुधा थंड झालेली वाफ. पुसली की झालं. विमानात मात्र दाब उतरतो, आतली हवा फुगून लिक्विड बाहेर ढकलते. टँक रिकामाच न्या. भारतात येताना तोही नको, २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर बंदी आहे.