खिडकीला न दिसणारा ट्रक

सोलापूरच्या मार्केट यार्डात हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. तिथल्या एका अडत दुकानाचा हिशेब मी संगणकावर बसवून दिला. प्रत्येक लॉटची एक पट्टी, म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ. शेठजींची मागणी साधी होती: प्रत्येक पट्टीपुढे आजवरच्या एकूण पिशव्या दिसाव्यात.

हे काम विंडो फंक्शनचं. नेहमीची बेरीज सगळ्या ओळी गुंडाळून एक आकडा देते. विंडो फंक्शन ओळी जागेवरच ठेवतं आणि प्रत्येकीला शेजारणींकडे बघायला खिडकी देतं. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ही सोय २०१८ साली, ८.० आवृत्तीत आली. मला ती फार आवडते, म्हणूनच ती कुठे अडते हे नीट सांगायला हवं.

कालपर्यंत ६० पिशव्या होत्या. आज ४०, २५ आणि ३५ आल्या. पुढे १००, १२५, १६० दिसायला हवं होतं. तिन्ही पट्ट्यांपुढे १६० आलं! मी क्रम तारखेवर लावला होता. चौकट, म्हणजे खिडकीतून कोणत्या ओळी दिसाव्यात याची मर्यादा, सांगितली नाही तर ती ‘रेंज’ धरली जाते, आणि एकाच तारखेच्या सगळ्या ओळी तिच्यात एकदमच येतात. तारखेमागे पट्टी क्रमांक जोडला आणि ओळीगणिक मोजणारी चौकट लिहिली, तेव्हा आकडे जुळले.

ओळी गाळणाऱ्या ‘व्हेअर’मध्ये विंडो फंक्शन चालत नाही, कारण गाळणी आधी लागते, खिडकी नंतर उघडते. म्हणून फक्त आजच्या पट्ट्या गाळल्या की कालच्या ६० पिशव्याही बेरजेतून जातात. आधी आतल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या आतल्या प्रश्नात, बेरीज करायची, मग बाहेर गाळायचं.

खरी भिंत पुढे आहे. ट्रकमध्ये २०० पिशव्या मावतात आणि लॉट फोडायचा नाही. लॉट आले १२०, ९०, १००, ५०. हमाल क्षणात सांगेल: पहिल्यात १२०, दुसऱ्यात ९० आणि १००, तिसऱ्यात ५०. चढती बेरीज मात्र १२०, २१०, ३१०, ३६० अशी जाते. दर २०० ला ट्रक बदलला तर दुसऱ्यात २४० कोंबल्या जातात. पहिला ट्रक १२० वरच निघाला, हे बेरजेला कळत नाही. खिडकीतून मागच्या ओळीतली मूळ माहिती दिसते, त्याच खिडकीने तिच्यासाठी काढलेलं उत्तर दिसत नाही. इथे मी रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःचंच मागचं उत्तर घेऊन पुढे जाणारी, क्वेरी लिहिली. ती एकेक पट्टी घेते, ट्रकमध्ये किती भरलं ते पुढच्या पट्टीला सांगते, आणि तिसरा ट्रक ५० पिशव्या घेऊन उभा राहतो.