गोळी चालू असताना बुरशी: एका प्रश्नामागचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

“गोळी तर रोज वेळेवर देत होतो, मग फंगस झालाच कसा?” बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा बदलण्याचा उपचार, झालेल्या पेशंटला फंगस म्हणजे बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून रोज गोळी देतात. तरी तो झाला आणि घरचे हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात संशयही असतो. गोळी बनावट होती का, डॉक्टरांचं काही चुकलं का, की आपल्याकडूनच एखादा डोस राहिला? इंदूरला हा प्रश्न आता नवा नाही. २०१८मध्ये एमवाय हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट युनिट सुरू झालं, काही खासगी रुग्णालयांतही ही सोय आहे. बुऱ्हाणपूर, खंडवा, धारपासून आईबाप मुलांना घेऊन येतात, त्यांत थॅलेसेमियाची, म्हणजे जन्मजात आजारामुळे सतत रक्त चढवावं लागणारी, मुलं बरीच. संशयाची कारणं कधीकधी खरीही निघतात. पण बऱ्याचदा गोळीने आपलं काम चोख केलेलं असतं आणि तरी बुरशी आलेली असते. हे समजायचं तर या गोळ्या कोणत्या क्रमाने आल्या ते पाहावं लागतं.

ट्रान्सप्लांटच्या आधी जोरदार केमोथेरपी देऊन जुनी मज्जा संपवतात. नवी मज्जा रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास नसतातच. घरचे ज्याला ‘काउंट उतरले’ म्हणतात तो हा काळ. न्यूट्रोफिल या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५००च्या खाली गेल्या आणि तशाच राहिल्या की संसर्गाचा धोका दिवसागणिक चढत जातो, हे अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६मध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णांवरून आकड्यांनिशी मांडलं. त्याआधी १९५७मध्ये अमेरिकी डॉक्टर डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना मज्जा देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं होतं. त्यांतलं कुणी फार दिवस जगलं नाही. थॉमस यांना १९९०मध्ये नोबेल मिळालं, पण मधल्या काळात मज्जा रुजली तरी माणूस संसर्गाने जायचा. जंतूंवर चांगली अँटिबायोटिक्स आली आणि बुरशी ठळकपणे पुढे आली.

बुरशीच्या वाटा दोन, आणि पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच चालते. कॅन्डिडा आपल्याच तोंडात आणि आतड्यात राहते. केमोने आतलं अस्तर सोललं की तिथून रक्तात उतरते, किंवा सेंट्रल लाइनवर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर, बसते. ॲस्परजिलस आणि म्यूकर हवेतून येतात, नाकात नि फुप्फुसात रुजतात.

पहिलं औषध दोन बायकांनी पोस्टाने शोधलं म्हटलं तरी चालेल. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वेगळे करून बुरशीवर तपासत. काम करणारा जीव सापडला की काचेच्या बरणीत घालून ऑल्बनीला रेचल ब्राउन यांच्याकडे पाठवत. ब्राउन त्यातलं रसायन वेगळं काढून परत पाठवत. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावरची माती कामी आली आणि १९५०मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. पेटंटच्या पैशातलं दोघींनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही, सगळं संशोधनाला दिलं. मात्र निस्टॅटिन आतड्यातून रक्तात शोषलंच जात नाही. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर ते आजही लावतात, पण रक्तात उतरलेल्या बुरशीला त्याचा उपयोग नाही.

पाचच वर्षांनी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी मिळालं. ते शिरेतून देता येतं आणि ॲस्परजिलस, म्यूकर, बहुतेक कॅन्डिडा अशा सगळ्यांवर चालतं. पण सलाइनमधून सुरू झालं की तासाभरात हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि काही दिवसांत किडनीचे आकडे बिघडू लागतात. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागतं, तेही किडनीलाच त्रास देतं. आजार झाल्यावर हे औषध द्यायला सगळे तयार होते. आजार होऊच नये म्हणून रोज कोण देणार?

म्हणून फ्लुकोनाझोल आलं तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं. फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेतलं हे औषध अमेरिकेत १९९०मध्ये मंजूर झालं. पोटातून छान शोषलं जातं, शिरेतूनही देता येतं, किडनीला जपतं. १९९२मध्ये ट्रान्सप्लांटच्या ३५६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधासारखी दिसणारी खोटी गोळी घेणाऱ्यांत २८ जणांना शरीरात पसरलेली बुरशी झाली, फ्लुकोनाझोल घेणाऱ्यांत ५ जणांना. अमेरिकेतल्या सिएटलच्या १९९५च्या अभ्यासात रोज ४०० मिलिग्रॅम, ट्रान्सप्लांटनंतर ७५ दिवसांपर्यंत दिल्यावर जगण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. बुरशी होण्याआधीच गोळी सुरू करायची ही रीत इथे पक्की झाली.

मला यातलं बोलकं वाटतं ते आणखी एक साल. १९९२चा तो मोठा पुरावा यायच्या आधीच, १९९१मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून इशारा आला होता. फ्लुकोनाझोल घेणाऱ्या रुग्णांत कॅन्डिडाची नेहमीची जात कमी झाली होती, पण कॅन्डिडा क्रुसाय नावाची एरवी विरळ असलेली जात वाढली होती. ही जात मुळातच फ्लुकोनाझोलला दाद देत नाही. सोयाबीनच्या शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की त्याला न जुमानणारं तण उरतं आणि तेच माजतं, हे मालव्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. वॉर्डात तेच घडत होतं. कॅन्डिडाने मरणारे वाचले, आणि ज्यांच्यावर फ्लुकोनाझोलचा काडीचाही परिणाम होत नाही त्या हवेतल्या बुरश्या पुढे आल्या. नव्वदच्या दशकात मोठ्या केंद्रांमध्ये ॲस्परजिलसची चिंता वाढत गेली. त्यातही एक वळण होतं: काउंट वर आल्यानंतर, पेशंट घरी गेल्यावर, जीव्हीएचडीसाठी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असताना ही बुरशी गाठू लागली. नव्या मज्जेच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठतात तो जीव्हीएचडी, आणि तो आवरायला दिलेलं स्टिरॉइड शरीराची उरलीसुरली राखण कमी करतं.

हवेवर इलाज हवेचाच. ट्रान्सप्लांटच्या खोलीत हेपा फिल्टर असतो, ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तो ९९.९७ टक्के अडवतो. ॲस्परजिलसचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, म्हणजे त्याहून मोठेच. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, दार उघडलं की हवा बाहेर जाते, आत शिरत नाही. डिस्चार्जनंतर मात्र फिल्टर नाही. इंदूरच्या ज्या मुलाला घरी सोडलं, त्याच्यासमोर मेट्रोचं खोदकाम, धान्य मंडीची धूळ, रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरचा गुलाल आणि उन्हाळ्यातला कूलर हे सगळं एकदम येतं. कूलरच्या त्या ओल्या, महिनोन्‌महिने न बदललेल्या खसच्या जाळ्या हात लावून पाहाव्यात, बुळबुळीत लागतात. बांधकामाच्या धुळीमुळे रुग्णालयांत ॲस्परजिलसच्या साथी झाल्याची नोंद जगभरात आहे. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतं याचा आनंद आहेच, पण रस्ता झाडलेला असणं आणि हवेत बीजाणू नसणं या दोन वेगळ्या गोष्टी.

२००२मध्ये व्होरिकोनाझोल आलं. ॲस्परजिलसच्या उपचारात १२ आठवड्यांनी या औषधावरचे सुमारे ७१ टक्के रुग्ण जिवंत होते, ॲम्फोटेरिसिनवरचे ५८ टक्के. अनेक केंद्रांनी ते प्रतिबंधासाठीही सुरू केलं. आणि २००४-०५मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांतून एकामागून एक नोंदी आल्या: व्होरिकोनाझोलवर असलेल्या रुग्णांना म्यूकर होतोय. म्यूकरवर हे औषध चालत नाही. दोष सगळा औषधाचा का, यावर वाद झाला, आणि तो रास्त होता. जे पूर्वी ॲस्परजिलसने गेले असते ते आता जास्त जगत होते, अशक्त होते, स्टिरॉइडवर होते. म्यूकरला गाठायला माणसंच जास्त उरली होती. पुढे ६०० रुग्णांवर फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोलची प्रतिबंधासाठी तुलना झाली, २०१०मध्ये निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी बुरशीशिवाय जगण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नाही.

थॅलेसेमियाच्या घरांनी इथे जरा थांबावं, कारण म्यूकरला लोह आवडतं. वर्षानुवर्षं रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात लोह साठलेलं असतं. ते काढायला पूर्वी डेफेरॉक्सामिन पोटाच्या कातडीखाली पंपाने रात्रभर द्यायचे. ऐंशीच्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांवरून लक्षात आलं की हे औषध लोह धरतं खरं, पण म्यूकरच्या गटातली रायझोपस बुरशी ते धरलेलं लोह सरळ ओढून घेते. औषधच तिला जेवू घालतं. आता बरीच मुलं डेफेरासिरॉक्सच्या गोळ्यांवर असतात, त्यांच्या बाबतीत ही अडचण तशी नाही. तरी ट्रान्सप्लांटच्या आधी फेरिटिन (साठलेलं लोह सांगणारा रक्तातला आकडा) खाली आणायचा आग्रह डॉक्टर का धरतात, त्यामागे यकृत, हृदय यांच्याबरोबर हेही एक कारण धरायला हरकत नाही.

पोसाकोनाझोल २००६मध्ये मंजूर झालं, ते म्यूकरवरही बऱ्यापैकी चालतं. २००७मध्ये दोन मोठे अभ्यास आले, त्यांतला एक नेमका जीव्हीएचडीच्या रुग्णांवरचा होता. पण सुरुवातीचं औषध पातळ होतं आणि तेलातुपाच्या जेवणाबरोबरच नीट शोषलं जायचं. तूप वाढायला आपल्याकडे कुणी मागेपुढे पाहणार नाही; पण ज्याचं तोंड सोललंय, जुलाब थांबत नाहीत, भाताचे दोन घास जात नाहीत, त्याला तूप कसं चालवणार? ज्याला औषधाची सर्वाधिक गरज त्याच्याच रक्तात ते कमी पोचायचं. २०१३च्या अखेरीस गोळी आली आणि ही अडचण बरीच सुटली. व्होरिकोनाझोलचं उलटं, ते रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. शिवाय ते यकृतात किती झपाट्याने मोडतं हे ज्याच्या त्याच्या जनुकांवर ठरतं. तोच डोस एकाला कमी पडतो, दुसऱ्याला जास्त होतो. रक्तातली लेव्हल तपासायला सांगतात ती यासाठी. ही औषधं टॅक्रोलिमस या सायक्लोस्पोरिनसारख्याच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्राही रक्तात वाढवतात, म्हणून व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमस तिसऱ्या हिश्श्यावर आणतात. घरी कुणी सल्ल्याशिवाय एक गोळी थांबवली तर दुसरीचा हिशेबही बिघडतो.

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने, म्हणजे म्यूकरनेच, एमवायचे वॉर्ड भरले, तसेच वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयाचेही. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी (त्याच औषधाचा किडनीला कमी त्रास देणारा प्रकार) नातेवाईक वणवण फिरत होते. जूनमध्ये जीएसटी परिषदेने त्यावरचा कर शून्य केला. तो आजार बहुतांशी मधुमेह आणि स्टिरॉइड यांचा होता, ट्रान्सप्लांटचा नव्हे. पण तेव्हापासून फंगस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. एक मात्र खरं, की भारतात म्यूकर पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, त्यामुळे सिएटलचे आकडे इंदूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शेताचा संबंध नुसता उपमेपुरताही नाही. सोयाबीनवर फवारतात ते टेब्युकोनाझोल आणि पेशंटला देतात ते व्होरिकोनाझोल एकाच ॲझोल कुळातले. नेदरलँड्समध्ये ॲस्परजिलसचे असे वाण सापडले, ज्यांना ही औषधं लागू पडत नाहीत आणि ज्यांचा माग शेतीतल्या फवारणीपर्यंत जातो. त्याच जनुकीय बदलाचे वाण २०१२मध्ये भारतातूनही नोंदले गेले. पेशंटने त्या कुळातली एकही गोळी आयुष्यात घेतलेली नसली तरी असा वाण श्वासातून आत जाऊ शकतो. कॅन्डिडा ऑरिस तर २००९मध्ये पहिल्यांदा वर्णिली गेली आणि काही वर्षांत भारतातल्या आयसीयूंमध्ये मुक्कामाला आली. फ्लुकोनाझोलला ती बहुधा बधत नाही.

प्रतिबंधक औषध चालू असताना होणाऱ्या बुरशीची व्याख्या तज्ज्ञांनी २०१९मध्ये एकत्र बसून ठरवली. त्यात औषधाच्या आवाक्याबाहेरची बुरशीही धरलेली आहे. म्हणजे फ्लुकोनाझोलवर असताना म्यूकर झाला तर तोही याच खात्यात. म्हणून ताप उतरेनासा झाला की डॉक्टर आधी पाहतात ते गोळी कोणती चालू होती, तिची लेव्हल किती होती आणि तिच्या आवाक्याबाहेर कोण राहतं. बऱ्याचदा त्याच कुळातलं दुसरं औषध न देता ॲम्फोटेरिसिनकडे वळतात. छातीचा सीटी होतो. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन चाचणी ॲस्परजिलस पकडते, पण प्रतिबंधक गोळी चालू असेल तर तिची पकड ढिली होते, आणि म्यूकर तर ती दाखवतच नाही. शेवटी दुर्बीण घालून किंवा सुईने काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. बारीक, आडवे पडदे असलेले, अरुंद कोनात फुटणारे तंतू दिसले तर ॲस्परजिलसचा संशय. रुंद, फितीसारखे, जवळपास बिनपडद्याचे आणि काटकोनात वळणारे दिसले तर म्यूकर. मग ॲम्फोटेरिसिन त्याच दिवशी सुरू करून सर्जनलाही बोलावतात.