बरणीचे सील (घरगुती कॅनिंग)

घरगुती कॅनिंगमध्ये अन्न काचेच्या बरणीत भरून, झाकण लावून, बरणीसकट उकळत्या पाण्यात किंवा दाबाच्या वाफेत तापवतात. बरणी निवताना आत पोकळी तयार होते आणि झाकण काठाला घट्ट ओढले जाते. या हवाबंद चिकटण्याला सील म्हणतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि युरोपातली. आपल्या लोणच्याच्या बरणीशी तिची गल्लत करू नये. लोणचे टिकते ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. तोंडाला बांधलेला दादरा धूळ-माशी अडवतो, हवा नव्हे. कॅनिंगच्या बरणीत मात्र झाकण सुटले की सगळेच सुटले.

निकोला आपेर या फ्रेंच हलवायाला अन्न टिकवण्याच्या पद्धतीबद्दल १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. तो बाटल्यांना बुचे मारून वर तार आवळत असे. १८५८ मध्ये जॉन लँडिस मेसनने न्यूयॉर्कमध्ये आट्यांच्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले. ‘मेसन जार’ हे नाव तिथूनच आले. आज अमेरिकेत चालते ते दोन भागांचे झाकण : पत्र्याची सपाट चकती आणि ती जागेवर धरणारे आट्यांचे कडे. चकतीच्या खालच्या कडेला मऊ लेपाची गोल पट्टी असते. तापल्यावर ती नरम होऊन काचेच्या काठाचा ठसा घेते. खरे काम या पट्टीचे. कडे नुसते मदतनीस. म्हणूनच सील झाल्यावर कडी काढून बरण्या ठेवतात. कडे तसेच राहिले तर सुटलेली चकतीही बसल्यासारखी दिसते. जर्मनीतल्या वेक बरण्यांत काचेचे झाकण, रबरी कडे आणि चिमटे असतात. तिथेही निवल्यावर चिमटे काढायचे असतात.

सील न बसण्याचे कारण बहुधा काठावरच सापडते. टोमॅटोचे एखादे बी, साखरेच्या पाकाचा ओघळ, मटणाच्या रश्श्याचा तुपकट थर एवढेही पुरते. बरणी भरल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने काठ पुसायचा. त्याआधी, बरणी रिकामी असतानाच, त्यावरून हलकेच बोट फिरवायचे. डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो, आणि अशी बरणी डाळ-तांदळासाठी ठेवून द्यावी. चकती एकदाच वापरायची, कारण पट्टीवर आधीच्या काठाचा चर पडलेला असतो. बाजारच्या जॅमच्या रिकाम्या बाटल्यांची टोपणेही याच कारणाने चालत नाहीत.

दुसरा घोळ रिकाम्या जागेचा. जॅमवर पाव इंच, फळे व टोमॅटोवर अर्धा इंच, भाज्या आणि मांसावर इंच-सव्वा इंच जागा सोडतात. कमी सोडली तर अन्न उकळून झाकणाखालून बाहेर येते आणि त्याचे कण पट्टीत अडकतात. फार सोडली तर आतली सगळी हवा निघत नाही आणि पोकळी कमजोर राहते. कडेही नुसत्या बोटांच्या टोकांनी फिरेल तेवढेच आवळायचे, मनगट लावायचे नाही. करकचून आवळले तर हवेला वाट मिळत नाही आणि चकती वाकते, क्वचित बरणीही फुटते. ढिले राहिले तर रस बाहेर जातो. बरणी बाहेर काढल्यावर कडे पुन्हा आवळण्याचा मोह होतो. तो आवरावा, नुकती बसलेली पट्टी त्याने सरकते.

दाब एकदम उतरला तरी बरणीतला रस उसळून बाहेर येतो, म्हणून प्रेशर कॅनर (बरण्या दाबाच्या वाफेत तापवण्याचे मोठे भांडे) आपोआप निवू देतात. आपला शिट्टीचा कुकर यासाठी चालवू नये. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनांनुसार भांड्यात निदान चार क्वार्ट बरण्या, म्हणजे जवळपास लिटर-लिटरच्या चार, उभ्या मावल्या पाहिजेत. लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि कॅनिंगच्या तक्त्यात (कोणते अन्न किती वेळ तापवायचे, ते सांगणाऱ्या) धरलेली उष्णता अन्नाला मिळतच नाही. त्यातून आपण मिनिटे नाही, शिट्ट्या मोजतो.

तपासणी बारा ते चोवीस तासांनी, बरणी पूर्ण निवल्यावर. चकतीचा मध्यभाग किंचित खोलगट दिसावा आणि बोटाने दाबल्यावर खालीवर होऊ नये. चमच्याने टिचकी मारली तर स्वच्छ, उंच नाद येतो; बद्द आवाज आला तर शंका घ्यावी, पण अन्न झाकणाला टेकले असले तरी तसाच आवाज येतो. शेवटी कडे काढून चकतीला धरून बरणी थोडी उचलून पाहतात. सील बसले नसेल तर चोवीस तासांच्या आत काठ तपासून, नवी चकती लावून, पूर्ण वेळ पुन्हा तापवता येते. तेवढा खटाटोप नको असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी.

इथे एक घातक गैरसमज आहे. निवताना चकती ‘टक्’ करून आत बसली की काम फत्ते, असे अनेकांना वाटते. उकळता जॅम ओतून बरणी उलटी ठेवली तरी तो आवाज येतो. सील एवढेच सांगते की नंतर बाहेरून काही शिरणार नाही. आत काय जिवंत राहिले, हे ते सांगत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात तगतात आणि हवा नसलेल्या, कमी आंबट अन्नात विष तयार करतात. म्हणजे उत्तम सील त्यांच्या पथ्यावरच पडते. ज्यांचा सामू (पीएच; तो जितका जास्त तितके अन्न कमी आंबट) ४.६ पेक्षा जास्त आहे, अशा शेंगा, मका, मांस यांना म्हणूनच ११६ ते १२१ अंश सेल्सिअस तापमान, म्हणजे दाबाची वाफ, लागते. उंचीचाही हिशेब असतो. तक्त्यांतल्या मूळ वेळा ३०५ मीटरपर्यंतच्या गावांसाठी आहेत. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला त्याहूनही कमी तापमानाला. तिथे उकळण्याचा वेळ किंवा वाफेचा दाब वाढवावा लागतो.

काही आठवड्यांनी चकती फुगलेली दिसली, उघडताना रस उडाला किंवा कडेने ओघळ सुकलेला आढळला, तर चाखूनही न पाहता बरणी टाकून द्यावी, गुरांनाही घालू नये. विष असलेले अन्न दिसायला आणि वासाला ठीकही असू शकते.