पगार कापला असं कुणी म्हणतच नाही

ठाण्यात कोर्ट नाक्याला कलेक्टर ऑफिसबाहेर नाहीतर बेलापूरला कोकण भवनसमोर सरकारी कर्मचारी घोषणा द्यायला लागले की आपल्यातला निम्मा पब्लिक पहिलं काय बोलतो, "यांना अजून काय पाहिजे?" म्हणून जरा मागचं सांगतो.

घटनेच्या ३६०व्या कलमात आर्थिक आणीबाणी लावून सरकारी पगार कमी करायची सोय आहे, पण ती आणीबाणी देशात आजवर एकदाही लागलेली नाही. त्यामुळे कात्री लागते ती मागच्या दाराने, कधी भत्ता गोठवून, कधी थकबाकी हप्त्यात देऊन.

जुन्या लोकांना १९७७-७८ चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप आठवत असेल, र. ग. कर्णिक नेते होते आणि मागणी साधी होती, केंद्राएवढा महागाई भत्ता द्या. महागाई वाढते आणि भत्ता वाढत नाही म्हणजे पगार कमीच झाला ना, फक्त स्लिपवर तसं दिसत नाही.

मग २००५. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद, वर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या १० टक्के दरमहा कापून घ्यायला सुरुवात. शेजारशेजारच्या टेबलावर दोघं तेच काम करतात, एकाला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन, दुसऱ्याचं तेव्हाच्या नियमाने शेअर बाजारावर अवलंबून. तेव्हा फार कोणी ओरडलं नाही, कारण ज्यांचं जाणार होतं ते अजून भरतीच झाले नव्हते!

लोकांना खरं जाणवलं ते कोरोनात. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी बाल्कनीत थाळ्या वाजवल्या आणि ३१ मार्चला बातमी आली की राज्य सरकार अ आणि ब वर्गाचा (अधिकाऱ्यांचा) ५० टक्के, क वर्गाचा २५ टक्के पगार कापणार, ड वर्गाला (शिपाई वगैरे) मात्र हात लावणार नाही. गहजब झाला, मग खुलासा आला की कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळणार, आणि पोलीस नि आरोग्यवाल्यांना पूर्ण. आता बघा, कळव्यात वन बीएचके घेतलेल्या, चाळीस हजार पगाराच्या क्लार्कच्या हातात तीसच आले तर बँक काय हप्ता दोन टप्प्यांत घेते? केंद्राने तर पुढे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले आणि त्या दीड वर्षाची थकबाकी दिलीच नाही.

१४ मार्च २०२३ ला "एकच मिशन जुनी पेन्शन" म्हणत संप झाला, सात दिवस चालला. तेव्हा कोल्हापुरात बेरोजगार पोरांनी उलटा मोर्चा काढला, आम्ही अर्ध्या पगारात काम करतो म्हणून. पोरांचा राग समजू शकतो, पण सरकारला यापेक्षा गोड काय ऐकायला मिळणार? सप्टेंबरात बाहेरच्या एजन्सींकडून कंत्राटी भरतीचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आलाच. मग स्पर्धा परीक्षावाले पेटले, विरोधक पेटले आणि ऑक्टोबरात जीआर रद्द करावा लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सामान्य माणसाच्या दबावाने झालेलं सगळ्यात ठळक काम हेच.

आपल्या नवी मुंबईचं बोलायचं तर २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात शहर देशात तिसरं आलं, कौतुकाचे बॅनर लागले. झाडू मारणारे बरेचसे मात्र ठेकेदाराकडचे. समान कामाला समान वेतन हे तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय, आणि ते लोक अजून तेच मागतायत.