पाणी उकळून शिसं जात नाही, हा मेसेज पुढे पाठवू नका

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय, की अमेरिकेत फ्लिंट शहराच्या नदीत शिसं होतं, म्हणून पाणी चांगलं उकळून प्या, शिसं निघून जातं. दोन्ही चूक.

नदीत शिसं नव्हतंच मुळात. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं, ते पाणी पाइप जास्त खाणारं, आणि पाइपला आतून जपणारं फॉस्फेट त्यात घातलंच नाही, मग जुन्या जोडण्यांमधलं शिसं सुटून थेट नळात. त्याच वर्षी जनरल मोटर्सने इंजिनाचे पार्ट गंजतात म्हणून ते पाणी बंद केलं, पण लोक तेच पीत राहिले! तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशांनी सप्टेंबर 2015 मध्ये मुलांच्या रक्तातलं शिसं वाढलेलं दाखवलं तेव्हाही राज्य सरकारने आधी आकडेच नाकारले. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचं पाणी परत आलं, राज्याने आणीबाणी जाहीर केली ती जानेवारी 2016 मध्ये. याचा मला खरंच राग येतो.

आता उकळण्याचं. पावसाळ्यात बीएमसी पाणी उकळून प्या सांगते ते जंतूंसाठी, आणि ते बरोबरच आहे, जरूर उकळा. पण शिसं धातू आहे. टोपातलं पाणी आटून अर्धं झालं तरी शिसं तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात दुप्पट दाट. यूव्हीनेही जात नाही, आरओने बऱ्यापैकी जातं. आपल्याकडे मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, बिल्डिंग जुनी असेल तर नळाचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.